बलांची गणितं आणि मागितलेली मदत

अकरावीच्या भौतिकशास्त्रात न्यूटनच्या गतिनियमांपर्यंत पोचेतो बरीचशी गणितं सूत्रात आकडे घालून सुटत आलेली असतात. या प्रकरणात मात्र सूत्र निवडण्याआधीच काम सुरू होतं. ठोकळा, दोरी, कप्पी, उतार एवढंच सामान, पण कोणत्या वस्तूवर कोणती बलं लागतात हे विद्यार्थ्यालाच ठरवावं लागतं. मदतीची गरज भासते ती इथे, आणि ती चुकीच्या ठिकाणी मागितली जाते तीही इथेच.

नेहमीची रीत अशी: गणित अडलं की मित्राची वही मागायची, समीकरण पाहायचं, 'हां, असं होय' म्हणायचं आणि उतरवून घ्यायचं. गृहपाठ पुरा होतो. चाचणीत तेच गणित थोडं बदलून आलं की हात थांबतो.

घर्षणाचं उदाहरण यात सर्वांत फसवं. २ किलोचा ठोकळा खडबडीत जमिनीवर आहे, स्थितिक घर्षण गुणांक ०.५ आहे आणि ठोकळा ६ न्यूटन बलाने आडवा ढकलला जातो. घर्षण बल किती? विचारल्यावर मित्र बहुधा 'गुणांक गुणिले नॉर्मल' एवढंच सांगतो. नॉर्मल म्हणजे जमिनीची लंब प्रतिक्रिया. जी १० धरला तर ती २० न्यूटन आणि उत्तर १० न्यूटन. आकडेमोड निर्दोष, उत्तर अशक्य. पुढे ६ आणि मागे १० न्यूटन बल असेल, तर स्थिर ठोकळा ढकलणाऱ्याच्याच अंगावर २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने धावून यायला हवा! १० न्यूटन ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे. ठोकळा जागचा हलत नाही, म्हणून घर्षण ढकलण्याइतकंच, ६ न्यूटन. मित्राने खोटं सूत्र दिलेलं नसतं. ते केव्हा लागू पडतं ही अट तेवढी सोबत आलेली नसते. समीकरण या वहीतून त्या वहीत सहज उतरतं. अट उतरत नाही, कारण ती बहुतेक वेळा कुठे लिहिलेलीच नसते.

लंब प्रतिक्रियेचंही तेच. ती वजनाइतकी असते हे सपाट, स्थिर जमिनीवर आणि दुसरं उभं बल नसताना खरं. उतारावर ती वजन गुणिले कोनाचा कोसाइन होते आणि वरच्या दिशेने त्वरण असलेल्या लिफ्टमध्ये वजनापेक्षा जास्त.

म्हणून प्रस्तुत लेखकाच्या अनुभवाने ठरलेला क्रम असा, की मदत मागण्याआधी आकृती काढलेली असावी. प्रत्येक वस्तू वेगळी काढायची आणि तिच्यावरची बलं बाणांनी दाखवायची. वर्गात हिलाच एफबीडी म्हणतात. प्रत्येक बाणाशेजारी ते बल कोण लावतं तेही लिहायचं: पृथ्वी, दोरी, जमीन, हात. लावणारा सापडत नसेल तर तो बाण खोडायचा. वर फेकलेल्या चेंडूवर 'वर नेणारं बल' दाखवण्याची सवय एवढ्याने सुटते, कारण हात सुटल्यावर तसं बल लावणारं कोणी उरत नाही. मग ही आकृती पुढे ठेवून विचारायचं, 'एखादं बल राहिलंय का, की जास्तीचं आलंय?' 'हे गणित सोडवून दे' यापेक्षा या प्रश्नाला वेळ कमी लागतो आणि उत्तर पुढच्या गणितालाही उपयोगी पडतं. मदत करणाऱ्याने पेन स्वतःच्या हातात घेऊ नये. हुशार मुलांना हे फार जड जातं.

विचारावं कोणाला? वर्गातला पहिला नंबर नेहमीच योग्य असतो असं नाही. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विद्यार्थ्यांनी शेजाऱ्याला कारण पटवून देण्याची पद्धत वर्गात रुजवली. तिच्यामागचं त्यांचं एक निरीक्षण असं, की ज्याला गोष्ट नुकतीच कळली त्याला अडखळण्याची जागा अजून आठवत असते. तज्ज्ञाला ती दिसेनाशी झालेली असते. दोघांचाही अंदाज चुकीचा असला तर मात्र ही चर्चा आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवण्यासारखी होते. अशा वेळी सरांकडे जाण्याला पर्याय नाही.

मिळालेली मदत खरोखर पचली का, हे कप्पीच्या गणितावर चांगलं तपासता येतं. जॉर्ज अ‍ॅटवूड यांनी १७८४ मध्ये वर्णन केलेलं हे यंत्र म्हणजे कप्पीवरून टाकलेली दोरी आणि दोन टोकांना दोन वजनं. ३ आणि २ किलो घेतले, दोरी व कप्पी वस्तुमानरहित आणि कप्पी घर्षणरहित मानली, तर जी १० धरून त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि दोरीतला ताण २४ न्यूटन येतो. पुष्कळजण ताण ३० लिहितात. पण ताण ३० असता तर ३ किलोचं वजन खाली जायला सुरुवातच झाली नसती; जड वजन खाली आणि हलकं वर त्वरणाने जायचं तर ताण २० आणि ३० च्या मध्येच हवा. वही मिटून, कोणाला न विचारता, दोन्ही वजनं सारखी करून पाहावीत: त्वरण शून्य यायला हवं. एक वजन शून्य केलं तर दुसरं मुक्तपणे पडायला हवं आणि ताण नाहीसा व्हायला हवा. सूत्र या दोन्ही टोकांना टिकलं नाही, तर चिन्हाची चूक कुठेतरी आहेच.

आणि उत्तर २४ आलं, पुस्तकाच्या मागे मात्र २३.५ छापलेलं असलं, तर कोणाला फोन लावण्याआधी जी १० घेतला की ९.८, एवढं पाहून घ्यावं.