खाणीतील बालके : एक चित्रपाठ

बालाघाटच्या मुलांना खाण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. भरवेलीची मँगनीजची खाण जवळच आहे. म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा चित्रपाठ अवश्य घ्यावा.

मे १८४२ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे खाणीत राबणाऱ्या मुलांविषयीचा अहवाल आला. या चौकशीसाठी झटणारे लॉर्ड अ‍ॅश्ली हे श्रद्धावान ख्रिस्ती सभासद होते. सरकारी अहवालात चित्रे घालण्याची तेव्हा रीत नव्हती. या अहवालात मात्र ती घातली. जो सभासद पाने वाचणार नाही, तो निदान चित्र तरी पाहील! क्रुकशँकने काहीच वर्षांपूर्वी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’साठी पोलादी पत्र्यावर तेजाबाने उठवलेला भुकेला मुलगा लोकांना ठाऊक होता, पण तो कथेतला. ही मुले खरी होती.

एका चित्रात कमरेला पट्टा व साखळी बांधून, गुडघ्यांवर रांगत कोळशाची गाडी ओढणारे मूल आहे. दुसऱ्यात एक मुलगा व एक मुलगी, जवळजवळ उघडी, एकाच दोरावर बसून वर येत आहेत. तिसऱ्यात हवेसाठी केलेल्या दाराशी दोरी धरून बसलेले लहानगे आहे.

लाकडी ठशात जेवढे कोरावे तेवढे पांढरे उमटते, बाकी सारे काळे. म्हणजे हे लहानगे आपणांस दिसावे म्हणून कारागिराने उजेड कोरून काढला. मुलाजवळ तो उजेड नव्हता. गॉबर खाणीत दार राखणारी आठ वर्षांची सेरा गूडर हिने जबानीत सांगितले की, पहाटे चारला ती खाली उतरते, संध्याकाळी पाचला वर येते. दिवा असला तर कधी गाते, अंधारात गाण्याचे धैर्य होत नाही. ती रविवारच्या शाळेतही जात असे.

ऑगस्टमध्ये कायदा झाला. स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीखाली कामास मनाई झाली. सभ्य लोकांस सर्वांत अधिक बोचले ते दोरावरचे उघडे अंग. अंधारातील भीती चित्रात कशी दिसावी? दहा वर्षांचा मुलगा खालीच राहिला.

यास्तव वर्गात आधी सेराची जबानी सांगावी, मग चित्र दाखवावे आणि विचारावे : यातले काय तिला दिसत नव्हते? मोठ्या मुलांना आपला १९५२ चा खाण कायदा सांगावा. १९८३ च्या दुरुस्तीने, सोळा वर्षांवरील शिकाऊ उमेदवार सोडल्यास, अठरा वर्षांखालील कोणासही खाणीत कामाला ठेवण्यास मनाई झाली. ज्यांचे वडील भरवेलीत कामाला जातात अशी मुले वर्गात असल्यास त्यांना प्रथम बोलू द्यावे.