व्हॅक्यूम पॅन : साखर कमी आचेवर कशी शिजते?



गळीत सुरू झाले की कारखाना पाहावयास येणाऱ्या मंडळींची रीघ लागते. गव्हाणीपाशी सर्वांचे समाधान होते, कारण तेथे ऊस दिसतो, मोळी दिसते, आपली गाडी दिसते. पण बॉयलिंग हाऊसच्या जिन्यावरून वर गेले की माणसे गप्प होतात. मोठाली बंद भांडी, त्यांना काचेच्या छोट्या खिडक्या, आत काहीतरी खदखदते आहे, एवढेच काय ते दिसते. गेल्या हंगामात अंजनगावकडील एका वयस्क सभासदाने खिडकीला डोळा लावून आमच्या पॅनमनला विचारले, "काऊन भाऊ, हे एवढं उकळून रायलं, मंग करपत काऊन नाई?" पॅनमन म्हणाला, "काका, ते साठ-पासष्ट डिग्रीवरच उकळतंय." काकांचा विश्वास बसला नाही. त्यांचे म्हणणे, पाणी शंभरावर उकळते हे शाळेतले पोरही सांगेल, आणि गुऱ्हाळात तर काहील याहून किती तापते ते आम्ही जन्मभर पाहत आलो.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर नीट द्यावे म्हणून हा लेख.

पाणी शंभर अंशावर उकळते ही गोष्ट समुद्रकाठची. आपल्या अंगावर, घरावर, भांड्यातील पाण्यावर हवेचे ओझे सतत असते. समुद्रकाठी हे ओझे ७६० मिलिमीटर उंच पाऱ्याच्या खांबाएवढे भरते. ते पहिल्यांदा इटलीत टॉरिचेली याने १६४३ साली मोजण्याची युक्ती काढली. वाफेला बाहेर पडायचे तर हे ओझे उचलावे लागते. ओझे कमी असेल तर वाफ लवकर सुटते. अकोला-अमरावती समुद्रापासून अदमासे तीनशे मीटर उंच, म्हणून आपल्याकडे ओझे ७३३ मिलिमीटरच्या आसपास आणि पाणी ९९ अंशावरच उकळते. चिखलदऱ्याला हजार-अकराशे मीटरवर ते ९६ अंशाच्या सुमारास उकळू लागते. तेथे मुक्काम केलेल्यांना वरण शिजायला वेळ लागतो हे ठाऊकच असेल. पाणी खळखळते, पण कमी तापलेले असते, म्हणून डाळ हटून बसते.

आता डोंगर चढण्याऐवजी भांडे बंद करून आतली हवा काढून टाकली तर? पॅनमध्ये हेच होते. आमच्या पॅनच्या काट्यावर ६३५ मिलिमीटर दाखवतो, म्हणजे आत फक्त अठ्ठ्याण्णव-शंभर मिलिमीटर ओझे उरले. अशा ठिकाणी नुसते पाणी ५१ अंशावर उकळते. पाक दाट असल्यामुळे तो थोडा वर, साठ ते सत्तरच्या दरम्यान उकळतो. पॅनमन काकांना खरेच सांगत होता.

येथे एक आडवाटेची गोष्ट सांगून टाकतो. आमचा हा पॅनमन अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला. सुरुवातीचे काही दिवस तो काट्याकडे पाहून खूश होता, की इकडे व्हॅक्यूम फार छान लागतो, तिकडे ६०५ च्या वर जातच नसे. खरी गोष्ट अशी की अहिल्यानगर साडेसहाशे मीटर उंच आहे, तेथे मुळात हवेचे ओझेच ७०३ च्या आसपास. तिकडचे ६०५ आणि इकडचे ६३५ हे सारखेच. काटा किती दाखवतो यापेक्षा आत किती उरले, ते पाहायचे असते.

एवढा खटाटोप कशासाठी? साखरेचा पाक फार वेळ फार तापला की दोन नुकसानी होतात. एक म्हणजे रंग लाल-काळा होतो. दुसरी दिसत नाही, पण खिशाला लागते. साखरेचा कण फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ते पुन्हा साखर म्हणून दाणा धरत नाही, मळीत जाते. रस जितका आंबट आणि आच जितकी जास्त, तितकी ही फूट वेगाने होते. म्हणून रसाला चुना देऊन त्याचा आंबटपणा मोडतात आणि शिजवताना आच कमी ठेवतात. एडवर्ड हॉवर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८१३ च्या सुमारास व्हॅक्यूम पॅन काढला तो याचसाठी. पुढे अमेरिकेच्या लुईझियाना प्रांतात नॉर्बर्ट रिलिए याने १८४३ साली एकापुढे एक बंद भांडी जोडून, पहिल्यातील वाफेने दुसरे तापवायचे, दुसऱ्याच्या वाफेने तिसरे, अशी रचना केली. आपले इव्हॅपोरेटर म्हणजे तीच रचना. तोवर तिकडे उघड्या कढयांची रांग असे आणि गुलाम मजूर उकळता रस डावाने एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतत. रिलिए स्वतः मिश्र वंशाचा होता.

या रचनेचा हिशेब शेतकऱ्याने जरूर पाहावा. रोज १२५० टन गाळपाचा कारखाना धरा. रसही जवळजवळ तितकाच निघतो, आणि त्यात घन भाग शंभरात पंधरा. तो साठापर्यंत दाट करायचा तर रसातील पाऊण हिस्सा पाणी उडवावे लागते, म्हणजे रोज नऊशे टनांवर पाणी! उघड्यावर एक टन पाणी उडवायला साधारण एक टन वाफ लागते. चार भांड्यांच्या इव्हॅपोरेटरमध्ये एक टन वाफ जवळपास चार टन पाणी उडवते. हे जमते ते शेवटच्या भांड्यात व्हॅक्यूम असतो म्हणूनच. शेवटचे भांडे पंचावन्न-साठ अंशावर उकळते, त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत उष्णतेला उतार मिळतो. पाटाला उतार नसेल तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचेल काय? तसेच हे. चिपाड वाचते ते यातून.

आता हा व्हॅक्यूम येतो कोठून? बहुतेकांना वाटते पंप ओढतो. पंपाचे काम त्यात थोडे, खरे काम थंड पाण्याचे. पन्नास अंशाची एक किलो वाफ बारा घनमीटर जागा व्यापते, म्हणजे एक खोलीच म्हणा ना. तीच वाफ थंड होऊन पाणी झाली की एक लिटर. खोलीभर वाफ तांब्याएवढी झाली, मग उरलेली जागा रिकामी. हे थंड करण्याचे काम छपरावरचा कंडेन्सर करतो. पंप फक्त सांध्यांतून शिरलेली व रसातून निघालेली हवा बाहेर काढतो.

कंडेन्सर इतक्या उंच का टांगला आहे, हाही प्रश्न नेहमी येतो. याचे उत्तर तुमच्या विहिरीत आहे. विहिरीवर काठावर मोटार बसवून पस्तीस फुटांवरचे पाणी ओढायचा प्रयत्न ज्यांनी केला असेल त्यांनी हात टेकलेले असतील. पंप पाणी ओढत नाही, पाइपातली हवा काढतो, आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. आपल्या भागात ती जास्तीत जास्त दहा मीटर, म्हणजे बत्तीस-तेहतीस फूट ढकलू शकते. प्रत्यक्षात वीस-बावीस फुटांवर पंप कुरकुरू लागतो, म्हणून मोटार विहिरीत खाली उतरवावी लागते. कारखान्यात हीच गोष्ट उलटी वापरली आहे. कंडेन्सरमधून पाणी खाली सोडणारा नळ साडेदहा-अकरा मीटर उंच ठेवला आणि त्याचे खालचे तोंड कुंडात बुडवले, की पाणी आपल्या वजनाने खाली निघून जाते, पण बाहेरची हवा त्याला इतके वर ढकलून पॅनपर्यंत पोहोचवू शकत नाही. म्हणजे नळ उघडा असूनही बंदच.

विहिरीचा दुसरा धडाही येथे लागू आहे. सक्शनच्या पाइपाला सुईएवढे भोक असले तरी पंप हवा घेतो आणि पाणी सोडतो. मागील हंगामात एका रात्री आमच्या एका पॅनचा काटा ६३५ वरून ५८० वर उतरला. पाक उकळायचा मंदावला, दाणा वाढेना, पॅन उतरवायला नेहमीपेक्षा दीड तास जादा लागला, आणि तोवर मागे सिरपच्या टाक्या भरल्या. पंप खोलून पाहिला, तो ठीक. पाणी ठीक. शेवटी एका जुन्या फिटरने मेणबत्ती पेटवून एकेका सांध्याजवळून फिरवली. खालच्या झडपेच्या गॅस्केटपाशी ज्योत आत वाकली. गॅस्केट बदलायला वीस मिनिटे लागली. दुरुस्तीच्या महिन्यात ते बदलायचे राहून गेले होते. चूक आमची होती, हे येथे नमूद करतो.

काटा एकदम वर उडाला तरी नुकसान आहे. पाक उसळून त्याचे थेंब वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये जातात आणि साखर तळ्यातल्या पाण्यात उतरते. कारखान्याच्या फवाऱ्याच्या तळ्याला आंबूस वास येऊ लागला तर समजावे की सभासदांची साखर तेथे कुजते आहे. आपली प्रयोगशाळा त्या पाण्याची परीक्षा करते. औषधाचा थेंब व आम्ल टाकल्यावर जांभळे कडे दिसले की साखर आहे.

वऱ्हाडातील उन्हाचे काय? एक किलो वाफ जिरवायला पन्नास किलोच्या आसपास पाणी लागते, आणि ते पाणी गरम असले तर व्हॅक्यूम ढिला पडतो. मार्च उजाडला की आम्हांलाही याची धास्ती असते. पण येथे आपली कोरडी हवा मदतीला येते. घरचा कूलर अकोल्यात गारवा देतो आणि मुंबईत देत नाही, तसेच फवाऱ्याचे पाणी कोरड्या हवेत चांगले निवते. किंमत एवढीच की त्यातले पाणी उडून जाते. सुदैवाने उसात शंभरात सत्तर हिस्से पाणीच असते, आणि इव्हॅपोरेटरमधून निघणारे निवळ पाणी पुष्कळसे बॉयलरला व इतर कामाला येते.

आता सभासदांच्या बाजूची गोष्ट. आमच्या हातात गॅस्केट आहे, तुमच्या हातात ऊस. तोडलेल्या उसाच्या टोकातून सूक्ष्म जंतू आत शिरतात आणि साखरेचा बुळबुळीत डिंक करतात, त्याला डेक्स्ट्रान म्हणतात. उन्हात पडलेल्या, विशेषतः जळालेल्या उसात हे फार लवकर होते. असा रस आला की पॅनमध्ये पाक चिकट होतो, त्याची घुसळण होत नाही, दाणा लांबट सुईसारखा येतो, आणि व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी पॅन तासन्‌तास अडतो. वऱ्हाडात ऊस सलग नाही. कपाशी, सोयाबीन, संत्र्याच्या मधे दोन एकर येथे, तीन एकर तेथे. म्हणून गाडीला वेळ लागतो हे आम्ही जाणतो. तरी तोड झाल्यापासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा, आणि गाडीचा भरवसा नसेल तर आधी तोडू नये. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. त्यावर प्रत्येक दशांश टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला साडेचौतीस रुपये वाढतात, आणि १०.२५ खाली त्याच मापाने घटतात (साडेनऊच्या खाली मात्र कपात नाही). दशांश टक्का कोठे कोठे गळतो ते वर सांगितले.

काही सभासदांनी विचारले आहे की गुऱ्हाळावर लहानसा व्हॅक्यूम बसवता येईल काय. आमचे स्पष्ट मत, गुळासाठी नको. गूळ ११८ अंशाच्या सुमारास उतरवला तरच तो भेलीत बसतो, आणि त्याचा वास व गोडी त्या आचेतूनच येते. याला एक परदेशचा दाखला आहे. कॅनडात व अमेरिकेच्या ईशान्य भागात मेपल नावाच्या झाडाच्या खोडाला भोक पाडून गोड पाणी काढतात. त्यात साखर शंभरात दोनच, चाळीस लिटर आटवावे तेव्हा लिटरभर पाक. तेथील लहान शेतकरीही व्हॅक्यूम वापरतात, पण कढईला नव्हे, झाडाला! झाडाझाडांतून बारीक प्लॅस्टिक नळ्या फिरवतात, शेवटी गाईंचे दूध काढायच्या यंत्रावरचा जुना पंपसुद्धा चालतो, आणि रस पंपात शिरू नये म्हणून मधे एक सापळा-भांडे ठेवतात. कढई मात्र उघडीच, कारण चव तिच्यात तयार होते. खारी नळ्या कुरतडतात, म्हणून हंगामभर बर्फातून फिरून गळत्या शोधणे हेच त्यांचे मोठे काम.

ज्यांना तरीही करून पाहायचे असेल त्यांनी साधे पिंप वापरू नये, ही कळकळीची विनंती. दोनशे लिटरच्या पिंपात आमच्या पॅनएवढा व्हॅक्यूम केला तर नुसत्या एका झाकणावर सव्वादोन टन ओझे येते. चारी अंगांचे मिळून अठरा टन होते. यंदा एका सभासदाने काकवी आटवायला असे पिंप जोडले, आणि ते पाक उकळता उकळता चिमटले. गरम काकवी उडाली. मुलगा दूर उभा होता म्हणून निभावले. ते पिंप त्यांनी आपण होऊन कारखान्यास दिले आहे, आणि शेतकी ऑफिसच्या व्हरांड्यात ठेवले आहे. ऊस नोंदणीला याल तेव्हा पाहून घ्यावे.