साठी बुद्धी नाठी?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण अनेकदा ऐकतो. घरातील वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली की ‘वय झाले’ असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. परंतु गोंधळलेल्या प्रत्येक वृद्धाला स्मृतिभ्रंश झालेला असतोच असे नाही. कित्येकदा त्यामागे बरा होऊ शकणारा आजार असतो.

केव्हापासून?

बंगळूरच्या राजाजीनगर भागात मुलाकडे राहणाऱ्या ७२ वर्षांच्या एका मराठी आजींची कल्पना करा. परवापर्यंत त्या भाजी निवडत, पूजा करीत. दोन दिवसांपासून मात्र त्या रात्रभर जागतात आणि नातवाला भावाच्या नावाने हाक मारतात. अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा : हे केव्हापासून? अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा दिवसांत उद्‌भवणाऱ्या आणि दिवसभरात कमीअधिक होणाऱ्या गोंधळाला संभ्रमावस्था (डिलिरियम) म्हणतात. अशा रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे.

कारणे

मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग हे संभ्रमावस्थेचे एक प्रमुख कारण होय. वृद्धांना अशा वेळी ताप येतोच असे नाही. रक्तातील साखर किंवा सोडियम घटणे, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे, तसेच झोपेची व ॲलर्जीची काही औषधे यांमुळेही मन भ्रमित होते.

काही कारणे सावकाश परिणाम करतात, म्हणून ती स्मृतिभ्रंशासारखी भासतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले कार्य आणि नैराश्य ही त्यांपैकी होत. डोक्याला किरकोळ मार लागल्यानंतर काही आठवड्यांनीही मेंदूच्या आवरणाखाली साकळलेले रक्त त्रास देऊ शकते.

बंगळूरच्याच ‘निम्हान्स’ या संस्थेतील एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्मृतिभ्रंशाच्या १२९ रुग्णांपैकी २४ जणांमध्ये उपचार करण्याजोगी कारणे आढळली.

आपण काय करावे?

बदल केव्हा सुरू झाला हे लिहून ठेवावे. सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. चष्मा व श्रवणयंत्र सोबत न्यावे, कारण ऐकू न आल्यानेही उत्तरे चुकतात. भाषेचेही तसेच आहे. कन्नड न समजणाऱ्या आजींना कन्नडमधून प्रश्न विचारले, तर त्यांच्या स्मरणशक्तीची खरी पारख होणार नाही. प्रश्न मराठीतून विचारावेत, यासाठी नातेवाइकांनी साहाय्य करावे.

प्रत्येक स्मृतिभ्रंश बरा होतो असे नाही. तथापि तपासणीपूर्वीच वयाला दोष देणे म्हणजे बरे होऊ शकणाऱ्या माणसाला उपचारांपासून वंचित ठेवणे होय.

पाठगत प्रश्न

१. संभ्रमावस्था आणि स्मृतिभ्रंश यांतील फरक सांगा.
२. सावकाश परिणाम करणारी कोणतीही दोन कारणे लिहा.
३. वृद्धाची तपासणी त्याच्या भाषेत होणे का आवश्यक आहे?