शाळा आणि नोकरी एकाच सोमवारी नको

मे महिना सरत आला की माळशिरस, नातेपुते, वेळापूर, अकलूज या पट्ट्यातल्या आम्हा बालरोगतज्ज्ञांकडे एक प्रश्न हमखास येतो. लेकरू चार-साडेचार वर्षांचं असतं. चालायला उशिरा लागलेलं, दोन-चार शब्दांपलीकडे न बोलणारं, शी-शूचं अजून न सांगणारं. त्याच्यासाठी आईनं पतसंस्थेतली, कारखान्याच्या ऑफिसातली नोकरी सोडलेली असते, नाहीतर बिनपगारी रजा काढलेली असते. आता त्याला शाळेत घालायचंय आणि तिलाही कामावर जायचंय. ती विचारते, "मी गेले तर हे आणखी मागं पडंल का?"

नाही पडणार. आधी हे मनातून काढून टाका. कमी दिवसांची प्रसूती, जन्मताना उशिरा रडणं, कावीळ मेंदूपर्यंत जाणं, थायरॉईडची कमतरता, ऐकू न येणं, जनुकीय दोष ही विकास मंदावण्याची कारणं आहेत. पुष्कळदा सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. आईची नोकरी मात्र या यादीत कुठेच नाही. तुमचं घर एकटंही नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेला एक मोठा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन ते नऊ वर्षांच्या दर आठ मुलांमागे जवळपास एकात मेंदूच्या विकासाशी किंवा ऐकण्या-पाहण्याशी संबंधित काही ना काही अडचण आढळली. म्हणजे शाळेच्या प्रत्येक वर्गात असं एखादं लेकरू असणारच. काही घरं त्याला दवाखान्यात नेतात आणि काही "बापही उशिराच बोलला होता" म्हणून थांबतात, एवढाच फरक.

लेकराला त्रास होतो तो सगळं एकदम बदलल्यानं. नवी शाळा, नव्या बाई, दुपारी घरी आई नाही आणि घ्यायला येणारा माणूसही वेगळा, असं एकाच सोमवारी घडलं तर चांगलं बोलणारं मूलही बिथरतं. ज्याला सांगता येत नाही ते ओरडतं, चावतं, जेवण सोडतं. म्हणून शक्य असेल तर जूनच्या मध्यावर शाळा सुरू होऊ द्या आणि तुमची हजेरी तीन-चार आठवड्यांनी लागू द्या. साहेबांशी आत्ताच बोला. नोकरीची तारीख ठरलेलीच असेल तर क्रम उलटा करा. मे महिन्यातच रोज दोन-तीन तास घराबाहेर राहायला लागा, म्हणजे आजीजवळ राहण्याची सवय शाळेआधी पडून जाईल. जाताना डोळा चुकवून सटकू नका. रोज तेच एक वाक्य बोला, हात हलवा आणि निघा. रडेल, पण आई सांगून जाते आणि परत येते हे त्याला दहा-पंधरा दिवसांत कळतं. गुपचूप गेलात तर ते दिवसभर दाराकडे बघत बसतं.

आता आजीकडे येऊ. आपल्याकडे आई कामाला गेली की लेकरू आजीच्या ओटीत, आणि आजीचा जीव मोठा असतो. लेकरानं नुसतं माठाकडे बघितलं की पाण्याचा तांब्या तोंडाला लागतो. भाकरी दुधात कुस्करून भरवली जाते. यात प्रेमच आहे, पण मागायची गरज उरली नाही की शब्द फुटायचा राहतो. थेरपी आठवड्यातून फार तर एक-दोनदा, ती पाऊण तासाची. बाकी सगळे तास घरचे. तेव्हा थेरपिस्टकडे जाताना आजीला आणि बाबांनाही घेऊन जा. कागदावर लिहून दिलेलं चुलीपाशी कुणी वाचत नाही. समोर बघितलेलं लक्षात राहतं.

आजीला एकच गोष्ट शिकवायची असेल तर ती थांबण्याची. लेकरू माठाकडे बघतंय? पेला हातात धरा, "पाणी" म्हणा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजा. त्यानं बोट दाखवलं, "पा" म्हटलं, नुसता हात पुढे केला तरी लगेच द्या. शब्द नीट आला नाही म्हणून अडवून धरू नका.

कपड्यांचंही तसंच. इलास्टिकची चड्डी आजीनं गुडघ्यांच्या वर मांड्यांपर्यंत चढवायची आणि शेवटचा हिसका त्याला मारू द्यायचा. शेवटची पायरी आधी शिकवली की काम स्वतः पुरं केल्याचा आनंद त्याला रोज मिळतो, मग एकेक पायरी मागे सरकायचं. क्लिपचा स्टीलचा डबा लहान बोटांना उघडत नाही. नुसतं झाकण वर ओढून निघेल असा डबा घ्या आणि आत्तापासून शाळेच्या मधल्या सुटीच्या वेळी, जमिनीवर बसवून, त्यातच खायला द्या. शाळा सुरू होण्याआधी एकदा तिथं जाऊन त्याच शाळेच्या नळाचा, संडासाचा आणि बाईंचा फोटो काढा. छापून, प्लास्टिकमध्ये घालून दप्तराला अडकवा. बोलता न येणाऱ्या लेकरालाही बोट ठेवता येतं. चित्रं दाखवली तर बोलणार नाही, ही भीती निराधार आहे. आपलं म्हणणं समोरच्याला कळतंय हे उमगलं की मुलं बोलायला जास्तच धडपडतात.

शाळेआधी चार तपासण्या करून घ्या: कान, डोळे, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन. कानांबद्दल हट्टानं सांगतो. दार आपटलं की दचकतं म्हणून ऐकू येतंय असं समजू नका, बोलण्याचे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नसतील. मूल सांगू शकत नसेल तर झोपेत करायची बेरा तपासणी असते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. विकासातला विलंब शोधणं हे त्यांचं ठरलेलं काम आहे. ते येतील त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्या. त्या तपासणीला सोलापूरला जावं लागलं तर ते इथून शंभर किलोमीटरच्या पुढे. फेरी वाया जायला नको म्हणून जन्माच्या वेळचे कागद आणि जुने रिपोर्ट एकाच फायलीत ठेवा. चालताना, खेळताना, हट्ट करतानाचे छोटे व्हिडिओ मोबाईलवर असू द्या. अनोळखी खोलीत लेकरू जे करून दाखवत नाही ते त्यात दिसतं.

शाळा कुठली? माझं मत स्पष्ट आहे: घराजवळची, मराठी माध्यमाची, वर्गात कमी पोरं असलेली. ज्याला घरची भाषा अजून जमवायची आहे त्याला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये तासभर बसवू नका. जिल्हा परिषदेची वस्तीवरची शाळा पुष्कळदा उत्तम ठरते. मूल वेगळं आहे म्हणून प्रवेश नाकारायचा अधिकार शाळेला नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आणि 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही तुमच्या बाजूनं आहेत. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात समावेशित शिक्षणाचं काम पाहणारे विशेष शिक्षक असतात, त्यांना प्रवेशाआधीच भेटा. दिव्यांग प्रमाणपत्राला "शिक्का बसेल" म्हणून घरचे नको म्हणतात. मी घ्या म्हणतो. पाच वर्षांखालच्या मुलाला ते सहसा तात्पुरतंच मिळतं, सवलतींचं दार मात्र त्यानंच उघडतं. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो.

बाईंना एक पानभर चिठ्ठी द्या. त्याला काय येतं ते आधी लिहा, मग कशानं घाबरतं, शी-शूची खूण कोणती, घ्यायला कोण येणार. झटके येत असतील तर हेही लिहा: कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन.

आपल्या तालुक्याची एक गोष्ट मुंबई-पुण्याचे डॉक्टर सांगणार नाहीत. शाळा रुळतेय न रुळतेय तोच पालख्या येतात. माउलींची नातेपुते-माळशिरस-वेळापूरवरून, तुकोबांची अकलूजवरून. भोंगे, गर्दी, घरात पाहुणे, शाळेला सुटी. आवाजाला कान झाकणाऱ्या लेकराला दर्शनासाठी रेटू नका. पहाटे गर्दी नसताना, कडेवर घेऊन, लांबून दाखवा. त्यानंतरचा शाळेचा पहिला दिवस पुन्हा जड जाईल हे धरून चाला. कामावर हजर व्हायची तुमची तारीख त्या आठवड्यात येऊ देऊ नका.

आता तुमच्याबद्दल. राज्य सरकारी नोकरीत असाल तर दिव्यांग अपत्य असलेल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत 730 दिवसांपर्यंत विशेष बालसंगोपन रजा आहे. अटी आस्थापना शाखेत वाचून घ्या. हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेनं आजारी मुलासाठी अशी रजा मागितली होती. स्त्रियांनी नोकरीत टिकणं ही मेहेरबानी नसून घटनेनं दिलेला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं तिच्या प्रकरणात एप्रिल 2024 मध्ये बजावलं. खासगी नोकरीत, मजुरीत अशी रजा नाही, तिथं घरच्यांनीच वाटा उचलायचा. महिन्यातल्या थेरपीच्या निम्म्या फेऱ्या बाबांच्या, हे कॅलेंडरवर लिहूनच टाका. "आईच नीट करते" हे ऐकून घेऊ नका. केल्यानं सगळ्यांनाच येतं. संध्याकाळी घरी आल्यावर अभ्यास घ्यायला बसू नका. भाकरी करताना पिठाचा गोळा त्याच्या हातात द्या, थापू द्या, "गोल", "गरम", "अजून" म्हणत राहा. मोबाईल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत असू द्या, तुमचासुद्धा.

पहिले दोन-तीन आठवडे लेकरू शाळेत शहाणं आणि घरी कटकटं वागेल. झोप मोडेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होईल. याला घाबरू नका. महिन्याच्या वर हे चाललं, वजन उतरलं, येत असलेले शब्द किंवा चालणं गेलं, टक लावून क्षणभर हरवायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. बाकी सगळं सुरळीत असेल तर सहा आठवड्यांनी या. येताना आजीला आणा, आणि बाईंना दोन ओळी लिहून द्यायला सांगा: मधल्या सुटीत ते कुणाजवळ बसतं.