ज्वारी एकट्याने पेरता येत नाही

चारठाण्याचं नाव काढलं की लोक जुन्या देवळांबद्दल, बारवेबद्दल, कोरीव स्तंभाबद्दल विचारतात. मला मात्र जिंतूर तालुक्यातल्या या गावच्या काळ्या जमिनीबद्दल आणि तिच्यातल्या ज्वारीबद्दल बोलायचं आहे. वाडवडिलांचं खाणं पुन्हा ताटात आणायचं ठरवलं आणि त्यातून जे उमजत गेलं, ते असं.

१. भाकरी कधीच एकटी नव्हती. तिच्याबरोबर तुरीचं वरण असायचं, हुलग्याचं माडगं, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, वर करडईचं तेल. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं आणि डाळींत ते चांगलं असतं. म्हणजे एकीची उणीव दुसरी भरून काढते. शेतातही तसंच. ज्वारीत तुरीच्या ओळी असत आणि तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणत. रब्बी ज्वारीच्या कडेने काटेरी करडई पेरली की जनावरं आत घुसत नसत आणि घरच्या तेलाचीही सोय होई. एकच जोडी माणसालाही पोसते आणि मातीलाही, हे मला फार उशिरा दिसलं. आज शहरात नुसती भाकरी घेऊन बाकी सगळं सोडणारे पाहिले की वाटतं, यांच्या हाती अर्धंच लागलंय.

२. भाकरी ताटातून गेली त्याआधी ती गोठ्यातून गेली. जुनी मालदांडी ज्वारी उंच वाढते. तिचं दाण्याइतकंच मोल कडब्याला. कडबा होता म्हणून बैल होते, बैल होते म्हणून शेण होतं, आणि शेणखतामुळे जमीन भुसभुशीत राहून पाणी धरायची. पाऊस संपल्यावर केवळ ओलीवर येणाऱ्या पिकाला तेच तर हवं असतं. संकरित वाण बुटके आले, दाणा वाढला, वैरण घटली. मग सोयाबीन आलं. त्याच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. गोठे रिकामे झाले, उकिरडे आटले, खताची पोती वाढली. यातली एक कडी घरात आणून साखळी जुळत नाही.

३. आपण काय खायचं, ते शेजाऱ्याने काय पेरलंय यावरही ठरतं. चारी बाजूंनी हरभरा आणि कापूस, मधे आपला एक तुकडा ज्वारीचा. कणसं दुधात आली की साऱ्या शिवारातली पाखरं तिथेच उतरतात. शिवारभर ज्वारी असायची तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत वाटला जायचा, कुणा एकाला जड जात नसे. बांधाबांधावर गोफण घेतलेली माणसं असत आणि एकाचा हाकारा दुसऱ्याच्याही कामी येई. आता राखणीला मजूर लावावा तर ज्वारीच्या भावात परवडत नाही. म्हणून बांधाला बांध लागलेल्या आम्ही काही घरांनी ज्वारी शेजारी-शेजारी पेरायला सुरुवात केली आहे. पाखरं अजूनही खातात. खाऊ देत, त्यांचाही हक्क आहे. पण आता आमच्या वाट्यालाही काही उरतं.

४. पूर्वीचं सगळंच गोड नव्हतं. 1972च्या दुष्काळाची आठवण निघाली की आमच्या सासूबाई परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीबद्दल आणि दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीबद्दल सांगतात, आणि सांगता सांगता गप्प होतात. त्यांच्या पिढीच्या बायांनी पहाटे उठून जात्यावर दळण दळलं, पाणी शेंदलं, वर दिवसभर खुरपलं. जुन्या खाण्याचं कौतुक करताना ही झीज हिशेबात धरलीच पाहिजे. जातं परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. गिरणी बरी आहे. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, लवकर जाते, म्हणून थोडं थोडं दळून आणावं लागतं, इतकंच. आणि भाकरी थापणं घरातल्या मुलग्यांनाही यावं.

५. बी नवं असलं तरी चालतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने 2018मध्ये ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असतं. ज्या जिल्ह्यात रक्त कमी असल्याने येणारा बायांचा फिकटपणा नेहमीचाच मानला जातो, तिथे ही लहान गोष्ट नाही. परंपरा जपणाऱ्याने प्रयोगशाळेकडे पाठ फिरवायला हवी, असं काही नाही. आपल्या पूर्वजांनीही पिढ्यान् पिढ्या चांगली कणसं निवडूनच बी धरलं ना?

६. ज्वारी सोडणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. 2024-25च्या खरिपात केंद्राचा हमीभाव संकरित ज्वारीला क्विंटलमागे 3371 रुपये होता आणि सोयाबीनला 4892. सोयाबीन यंत्रातून झटपट निघतं आणि दिवाळीच्या सुमारास हातात पैसा देतं. रब्बीची ज्वारी हाताने उपटा, कणसं खुडा, खळं करा, पेंढ्या बांधा. मुलांची फी भरायची असेल तर माणूस काय पेरणार? त्यात रेशनवर वर्षानुवर्षं मुख्यतः गहू-तांदूळच मिळाला, मग ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरातही भाकरीची जागा पोळी-भाताने घेतली. 2023 हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटं सुबक डब्यांत आली. चारठाण्याच्या शेतकऱ्याला त्यापेक्षा हवी आहे ती हमीभावाने वेळेवर खरेदी, आणि हीच ज्वारी इथल्याच रेशन दुकानात, इथल्याच शाळेच्या पोषण आहारात.