व्यायामाचा दुसरा पंधरवडा

बडोद्याच्या सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालयात एक मोठी शिळा ठेवलेली आहे. गामा पहिलवानाने २३ डिसेंबर १९०२ रोजी ती उचलली असे सांगतात. तिचे वजन सुमारे १२०० किलो मानले जाते. सहलीस आलेली मुले तिच्याभोवती गोळा होतात, एखादा धीट मुलगा रखवालदाराची नजर चुकवून तिला हात लावून पाहतो, आणि मग सगळी पुढच्या दालनाकडे वळतात. या शिळेने आजवर किती मुलांना थक्क केले याची गणती नाही. परंतु त्यांपैकी किती जणांस तिने दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठविले, असा प्रश्न केला, तर उत्तर फारसे आशादायक येईल असे वाटत नाही. अचाट पराक्रम पाहून मनुष्य टाळ्या वाजवितो; जोर काढावयास बसतोच असे नाही.

व्यायाम हितकर आहे, हे आज कोणास पटवून देण्याची गरज उरली आहे? ‘व्यायामाचे महत्त्व’ या विषयावर उत्तम निबंध लिहिणारा विद्यार्थी शाळेचे दोन जिने चढून धापा टाकताना आपण पाहतो. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. आणि १४६ देशांतील माहिती एकत्र करून २०१९ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ११ ते १७ वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी ८१ मुले तेवढी हालचाल करीत नसल्याचे आढळले. एवढ्या सर्व मुलांना व्यायामाचे फायदे ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल?

सुरुवात तर पुष्कळजण करतात. दिवाळीची सुटी संपते, थंडी पडू लागते, नवे बूट येतात, घड्याळाचा गजर लागतो. पहिला पंधरवडा नव्या नवलाईत निघून जातो. त्यानंतर एके दिवशी थंडी जरा अधिक असते, दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा, तिसऱ्या दिवशी घरी पाहुणे; आणि उत्तरायणाचे पतंग आकाशात चढेपर्यंत बूट पलंगाखाली गेलेले असतात. या दुसऱ्या पंधरवड्याविषयीच मला येथे लिहावयाचे आहे, कारण व्यायाम तेथे टिकतो किंवा तेथेच संपतो.

आपली समजूत अशी असते की, आधी मनात स्फूर्ती उत्पन्न होते आणि मग मनुष्य व्यायाम करू लागतो. म्हणून जो तो स्फूर्तीची वाट पाहत बसतो. परंतु आपल्याच नगरीत एक जुनी संस्था आहे, जिने या प्रश्नाकडे अगदी निराळ्या बाजूने पाहिले. दांडिया बाजारातील ‘माणिकरावांचा आखाडा’ बडोदेकरांना परिचित आहे. त्याचे मूळ नाव जुम्मादादा व्यायाममंदिर. स्थापना १८८० सालची. जुम्मादादांनंतर त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी ती संस्था नावारूपास आणली. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात त्यांना ‘राजरत्न’ ही पदवी लाभली होती, आणि मोडलेले हाड बसविण्यातील त्यांच्या कौशल्याचीही ख्याती होती.

आखाड्याची रचना नीट पाहिली, तर तिच्यात स्फूर्तीवर काहीच सोपविलेले नाही, असे दिसून येते. वेळ ठरलेली, जागा ठरलेली. आत शिरताना पादत्राणे बाहेर काढावयाची, मारुतीस नमस्कार करावयाचा, लंगोट कसावयाचा, तांबडी माती कपाळास लावावयाची. एवढे झाले की जोर-बैठका आपोआपच सुरू होतात. ‘आज करावा की करू नये’ असा विचार करावयास मधे फटच राहत नाही. शेजारी आपल्याच वयाचा गडी मल्लखांबावर चढत असतो. एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी वस्ताद विचारतात, “काल कोठे होतास?” हा साधा प्रश्न पुष्कळांना पहाटे उठवीत असे. वस्तादांच्या रागापेक्षा, आपली अनुपस्थिती कोणाच्या तरी ध्यानात आली, हीच गोष्ट अधिक परिणाम करते, असे माझे मत आहे.

माणिकरावांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. पुष्कळ माणसांनी एका आज्ञेवर, एका ठेक्यात करावयाचा सांघिक व्यायाम त्यांनी बसविला, आणि कवायतीच्या आज्ञा इंग्रजी न ठेवता आपल्या लोकांना समजतील अशा भाषेत आणल्या. शंभर मुलांच्या रांगेत उभा असलेला मुलगा विसाव्या बैठकेस थकला तरी एकविसावी काढतो. एकटा असता तर तो पंधरावर थांबला असता.

ज्यांना हे खरे वाटत नसेल त्यांनी नवरात्र आठवावे. जो मुलगा व्यायामाच्या तासाला पाय दुखतो म्हणून झाडाखाली बसतो, तोच बडोद्याच्या गरब्यात नऊ रात्री तासनतास फेर धरतो, घामाने निथळतो, आणि घरी परतताना उद्या किती वाजता निघावयाचे हे मित्रांशी ठरवूनच येतो. त्याला कोणी स्फूर्तिदायक भाषण दिलेले नसते. वेळ ठरलेली आहे, सोबती वाट पाहत आहेत, पावलांना ताल आहे, आणि आपण गेलो नाही तर ते कळणार आहे. आखाड्याचे आणि गरब्याचे वातावरण कितीही भिन्न असो, मनुष्याला खेचून नेणारी दोरी मात्र दोन्हीकडे एकच आहे.

माणिकरावांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी काहींनी पुढे मोठी कामे केली. छोटुभाई पुराणी यांनी गुजरातेत आखाड्यांची चळवळ पसरविली. १८८३ साली डभोई येथे जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे यांनी १९०७ ते १९१० या काळात येथे शिक्षण घेतले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि आसन-प्राणायामांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रांच्या साहाय्याने तपासण्याचे काम आरंभिले. ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेले दहा खंड बडोद्यातूनच प्रसिद्ध झाले. जुन्या ग्रंथालयात ते दिसले, तर चित्रे पाहण्यासाठी का होईना, अवश्य चाळावेत.

परंतु प्रत्येकाच्या घराजवळ आखाडा नाही. मुलींना तर जुन्या आखाड्यांत प्रवेशच नसे. बडोद्याच्या आर्यकन्या महाविद्यालयाने मुलींच्या शारीरिक शिक्षणासाठी नाव मिळविले, हे खरे. तरी घरोघरची स्थिती अजून फारशी बदललेली नाही. सकाळी मुलगा धावावयास निघाला तर त्याचे कौतुक होते, आणि मुलगी निघाली तर आधी पाणी भरून ठेव, भावाचा डबा भर, असे सांगितले जाते. मग ‘मुलींना व्यायामाची आवडच नाही’ असा निष्कर्ष आपण काढतो! आईवडिलांनी मुलीला सकाळची ती पाऊण घटका मोकळी करून द्यावी; स्फूर्तीचा प्रश्न त्यानंतर विचारावा.

एकट्याने, घरी, वस्तादाशिवाय व्यायाम करणाऱ्याचे एक उदाहरण साताऱ्याकडील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे आहे. तरुणपणी, १८९७ च्या सुमारास, सँडो या जगप्रसिद्ध बलवानाची पुस्तके व उपकरणे आणून त्यांनी सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे १९०८ साली ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि ते व्रत त्यांनी उतारवयापर्यंत चालविले. संस्थानातील शाळांतही नमस्कार सुरू केले. राजास उपकरणांची वाण नव्हती. तरीही जो व्यायाम त्यांच्या हातून आयुष्यभर टिकला, तो एका सतरंजीएवढ्या जागेत होणारा, काही विकत न घेता करता येणारा होता. प्रवासातही तो चुकविण्यास सबब सापडत नाही. नवा व्यायाम निवडताना ‘सर्वांत उत्तम कोणता’ असे विचारण्यापेक्षा ‘माझ्या घरात, माझ्या सकाळी, कोणता बसतो’ असे विचारणे शहाणपणाचे.

शाळांतील सक्तीविषयी मात्र माझे मन थोडे साशंक आहे. सक्तीने आरंभ होतो, यात वाद नाही. पण शाळा सुटली की सक्तीही सुटते, आणि केवळ शिट्टीवर हलणारे शरीर शिट्टी थांबली की बसते. शाळेने मुलास शिट्टीबरोबर एखादी वेळ, एखादी जागा आणि एखादा सोबती दिला, तरच ते शिक्षण पुढे उपयोगी पडते.

आता सवयीविषयी. २१ दिवस केले की सवय लागते, असे सर्वत्र सांगितले जाते. लंडनमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक नवी गोष्ट निवडून रोज एकाच प्रसंगी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, करावयाची होती. ती अंगवळणी पडावयास कोणास १८ दिवस लागले, तर कोणास २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६ होता. पेलाभर पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. म्हणजे ज्यास विसाव्या दिवशीही उठणे जड जाते, त्याने आपल्यात काही उणे आहे असे मानू नये. त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक दिलासा देणारी आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रियेस म्हणण्यासारखा धक्का बसत नाही. आपल्याकडे व्रत एकदा मोडले की सारे व्यर्थ, अशी भावना असते. व्यायामाला ती भावना लावल्यामुळे पुष्कळांचा व्यायाम एका चुकलेल्या मंगळवारी कायमचा बंद पडतो.

शरीराकडूनही दुसऱ्या पंधरवड्यात थोडी फसवणूक होते. आरंभी उत्साहाने पन्नास बैठका काढल्या, तर दुखणे त्याच दिवशी येत नाही. ते एक-दोन दिवसांनी शिगेस पोहोचते, कारण न सरावलेल्या स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा झालेली असते. ती भरून येते आणि पुढच्या वेळी दुखणे कमी होते. पण हे ठाऊक नसलेला विद्यार्थी जिना उतरताना कण्हतो आणि व्यायाम आपल्या प्रकृतीस मानवत नाही असे ठरवितो. म्हणून पहिल्या दिवशी दहाच बैठका काढाव्यात, आणखी दहा सहज निघतील असे वाटले तरीही. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू व मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामास लावू शकतात म्हणून. दंड जाड होण्यास त्याहून अधिक काळ लागतो. आरशात काही दिसत नाही, म्हणून आत काही घडत नाही असे नव्हे. आरशाऐवजी एक वही ठेवावी आणि तारखेपुढे फक्त आकडा लिहावा. ७ तारखेस १०, २१ तारखेस १८, असे आकडे दिसले की मन पुष्कळसे वळते. दमा, हृदयविकार किंवा तत्सम त्रास असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा, हे वेगळे सांगावयास नकोच.

वडील मंडळींसाठी एक गोष्ट सांगतो. १९५३ साली इंग्लंडमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. त्या वाहकांनी व्यायामाचा संकल्प केला नव्हता. त्यांच्या कामातच तो विणलेला होता. मांडवीपर्यंतची भाजी पायी जाऊन आणणे, सुरसागराला जेवणानंतर एक फेरी घालणे, ही त्याच जातीची गोष्ट आहे. आणि मुलगा उपदेश ऐकत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी त्याला उपदेश करण्याऐवजी “चल, मला सोबत कर,” असे म्हणून पाहावे.

शेवटी खंडाविषयी. आपल्याकडे खंड ठरलेलाच आहे: मार्चची परीक्षा, मे महिन्यातील ऊन, श्रावणातील पाऊस, एखादा ताप. उन्हाळ्यात व्यायामाची वेळ सूर्योदयापूर्वी न्यावी. पावसात मैदान सोडून ओसरीवर यावे. महिनाभर सुटलेच, तर पूर्वीच्या आकड्यावरून आरंभ करू नये. वीस नमस्कार घालणाऱ्याने दहांपासून सुरुवात करावी, पहिले तीन दिवस दहाच घालावेत, मग दर दोन दिवसांनी एक-एक वाढवावा. अशा रीतीने साधारण तीन आठवड्यांत तो पुन्हा विसावर येतो. परीक्षेच्या काळात मात्र व्यायाम पूर्ण सोडण्याऐवजी पाच नमस्कार ठेवावेत, त्याच वेळी, त्याच सतरंजीवर. त्यास तीन-चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि वहीत त्या दिवशीही आकडा लिहिता येतो.