दुसऱ्याच्या गळ्यासाठी

सप्टेंबर १९६३. लंडनमध्ये रोलिंग स्टोन्सची तालीम चालली होती. नवी रेकॉर्ड काढायची, पण गाणंच सापडत नव्हतं. बीटल्सचे जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी तिथे आले, अर्धवट राहिलेलं ‘आय वॉना बी युअर मॅन’ त्यांच्यासमोरच पुरं केलं आणि देऊन टाकलं. नोव्हेंबरात ते दोन्ही बँडचं बाजारात आलं. बीटल्सनी ते रिंगोला दिलं, तो मजेत गातो. स्टोन्सकडे ब्रायन जोन्सची स्लाइड गिटार त्यावर अक्षरशः ओरखडे काढते. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. हे गाणं कोणाचं म्हणायचं?

माझ्या मते याचं चांगलं उत्तर आपल्या नाट्यसंगीतात आहे. मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी स्वतः मैफल गाजवणारे गवई. पण १९६४ साली धी गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यांच्या चाली गायल्या रामदास कामत आणि आशालता यांनी. कामत डिचोली तालुक्यातल्या साखळीचे. त्यामुळे आमच्या पेडण्यात ते पद लागलं की वडीलधारी माणसं “कामतांचं पद” म्हणतात. अभिषेकींचं नाव मुद्दाम विचारलं तरच निघतं.

‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मध्ये तर ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत आहे. पंडितजींच्या भूमिकेतले भार्गवराम आचरेकर ते संथपणे, एकेक सूर जपत गातात. खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे त्याच शब्दांवर तुटून पडतात. शब्द तेच, चाली बांधणारा माणूसही तोच. चाली अदलाबदल करून बघा, जमायचं नाही. नाटकातली दोन घराणी त्याने नुसत्या चालींतून उभी केली, आणि समोर कोणता गळा आहे हे विसरला नाही. नुसतं उरलंसुरलं गाणं देऊन टाकणं वेगळं, आणि हे वेगळं. लेनन-मॅकार्टनींकडे गाणी उदंड होती. एक दिलं तर त्यांचं काही अडत नव्हतं.

गळा ओळखून दिलेलं गाणं मात्र जड जाऊ शकतं, देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. मडगावचे ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी कोंकणी गाणी रचायचे आणि लोर्ना ती गायची. ‘बेबदो’मध्ये मागे ब्रास वाजत असतो आणि ती त्याच्याही वर जाते. दुसऱ्या कोणी गायलं की ते नुसतं दारुड्यावरचं गाणं उरतं. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लोर्ना कितीतरी वर्षं गायलीच नाही, थेट १९९५मध्ये परतली. गाणी पेरींची होती, गळा तिचा, आणि मधल्या काळात ऐकणाऱ्यांकडे होत्या फक्त जुन्या रेकॉर्ड.

पेरी २००२मध्ये गेले. आमच्याकडे लग्नात बँडवाला अजून माईकवर “आता लोर्नाचं!” म्हणतो आणि पहिला सूर ट्रम्पेटचा येतो.